नऊ बाटल्या, एक विहीर

सांडोरच्या क्लेमेंटीन तुस्कानोला रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्या उतरायला वीस मिनिटं लागतात. ती औषधाच्या कंपनीत आहे एवढं सगळ्या आळीला ठाऊक आहे. त्यामुळे वाटेत कुणी तिला गुडघा दाखवतं, कुणी जीभ, कुणी नातवाच्या पाठीवरचं पुरळ. ती गोळ्या बनवत नाही, विकत नाही, वाटतही नाही. बोईसरच्या त्या कंपनीत ती पाणी तपासते. सिरप ज्या पाण्यात बनतं त्यात जंतू आहेत का हे बघायचं आणि कागदावर सही करायची, बत्तीस वर्षं हेच काम. तिची सही नसली की अख्खा कारखाना हातावर हात ठेवून बसतो. आजवर दोनदा बसलाय. त्यातल्या एका खेपेला मोठे साहेब स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आले, आधी गोड बोलले, मग कडू बोलले. क्लेमेंटीनने त्यांना बूट काढून आत यायला सांगितलं. साहेब बूट काढता काढता थंड झाले आणि परत गेले.

पण हे पायऱ्यांवर सांगून उपयोग नसतो. समोरच्याचा गुडघा दुखतच असतो.

आपण काय काम करतो हे घरच्यांना न समजलेल्या बायका वसई-विरारमध्ये बऱ्याच आहेत, याचा शोध तिला चार वर्षांपूर्वी लागला. विरारच्या एका सोसायटीत राहणारी ज्ञानदा केळी घ्यायला तुस्कानोंच्या वाडीत आली होती. क्लेमेंटीन ओट्यावर बसून लोणच्यावरची बुरशी भिंगातून बघत होती. दुसरी कुणी असती तर नाक मुरडून गेली असती. ज्ञानदाने विचारलं, "आंटी, मी बघू?" दोन तासांनी ती गेली तेव्हा केळी तिथेच राहिली होती. ज्ञानदा सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली ॲप मुद्दाम बिघडवून बघते. तिच्या सासूबाई सगळ्यांना "सून कॉम्प्युटरवर टायपिंग करते" असं सांगतात.

मग पाचूबंदरची जयवंती आली. ती बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळते. लोकांना वाटतं ती बर्फ विकते. आगाशीची आशालता आली. ती एक्स-रे काढते आणि ग्रहणाच्या आदल्या दिवशी अर्धी आगाशी तिच्या दारात जुन्या फिल्म मागायला उभी असते. हळूहळू नऊ जणी झाल्या. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारचे तीन आणि क्लेमेंटीनचा ओटा हे ठरून गेलं. मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही. आशालताने बॅनरचा प्रस्ताव मांडला होता, तो सात विरुद्ध एक मतांनी पडला. नियम एवढाच, की दर खेपेला एकीने आपलं काम बाकीच्यांकडून करवून घ्यायचं. भाषण करायचं नाही. जयवंतीने सगळ्यांना कारखान्यात नेऊन कुडकुडवलं होतं. ज्ञानदाने एका मंगल कार्यालयाचं बुकिंगचं ॲप त्यांच्या हाती दिलं आणि "मोडून दाखवा" म्हणाली. आशालताने तीस फेब्रुवारीचा हॉल बुक केला आणि तिला खात्रीचा संदेशही आला.

क्लेमेंटीनचा नवरा गॉडफ्रे या बैठकीला "तुमची प्रार्थनासभा" म्हणतो. तो केळी आणि भाजी पिकवतो. दुसऱ्या रविवारी त्याला ओट्याच्या टोकाला बसून घेवडा निवडायचं काम हमखास निघतं. घेवडा नसला तर तो सुतळी सोडवत बसतो.

गेल्या डिसेंबरची पाळी क्लेमेंटीनची होती आणि तिच्या डोक्यात विहीर होती.

मुलीचं, जोआनाचं लग्न दहा जानेवारीला ठरलं होतं. वाडीतच मांडव, पाहुणे चारशे. गॉडफ्रेने जाहीर केलं होतं की पाहुण्यांचं सरबत घरच्या विहिरीच्या पाण्याचं होईल.

"आजकाल सगळे जार आणतात," क्लेमेंटीन म्हणाली.

"ज्यांना विहीर नाही ते आणतात. माझ्या मांडवात जार दिसला तर मी मांडवात दिसणार नाही."

"मग निदान पाणी तपासून घेऊ."

"विहीर तपासायची? आजोबांनी खणलीय ती. हेच पाणी पिऊन ब्याण्णव वर्षं जगले."

"तेव्हा मागे इमारत नव्हती."

मागे, कुंपणाच्या पलीकडे, तीन वर्षांपूर्वी चार मजली इमारत उभी राहिली होती. तिची संडासाची टाकी विहिरीपासून चाळीस पावलांवर होती. क्लेमेंटीनने ती पावलं मोजली होती, गॉडफ्रे बाजारात गेलेला असताना.

"मी रोज पितो. मला काय झालं?" गॉडफ्रेने विचारलं. घरात क्लेमेंटीन आणि जोआना फिल्टरचं पाणी प्यायच्या. तो एकटा विहिरीच्या घागरीवर होता.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

"बत्तीस वर्षं एकाच माणसाबरोबर राहून हे बोलतेस?"

पाणी कंपनीत नेऊन तपासणं तिला शक्य नव्हतं. घरचे नमुने प्रयोगशाळेत आणायचे नाहीत हा नियम तिथे तिनेच केला होता. आणि नेलं असतं तरी गॉडफ्रेने मानलं नसतं. त्याच्या मते त्या कंपनीत बायकोला सगळीकडे जंतूच दिसतात. ती एकटी म्हणाली तर ते बायकोचं म्हणणं. नऊ घरांच्या नऊ बाटल्यांमधून निघालं तर ती तपासणी. म्हणून तिने मंडळापुढे प्रस्ताव ठेवला. प्रत्येकीने आपल्या घरातलं प्यायचं पाणी बाटलीत भरून आणायचं. तयार मिळणाऱ्या छोट्या काचेच्या बाटल्या होत्या, आत औषध लावलेला कागद. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर ते दोन दिवसांत काळं पडतं, नसले तर जसंच्या तसं राहतं.

"आणि बाटलीवर नाव नको," ती म्हणाली. "चिठ्ठी उचलून नंबर लावायचा. कुणाचा कुठला नंबर ते पाकिटात बंद. नाव दिसलं की डोळा खोटं बोलतो."

ओट्याच्या टोकाकडून गॉडफ्रेने मान वर केली. "स्पर्धा आहे का?"

क्लेमेंटीनने नाही म्हटलं नाही.

त्या रविवारी गॉडफ्रे पहाटेच उठला. बादली चिंचेने घासली, पहिलं पाणी फेकलं, दुसरं फेकलं, तिसऱ्यातून स्टीलचा लोटा भरला आणि ताटली झाकून स्वयंपाकघरात आणून ठेवला. स्पर्धेच्या तयारीत त्याने कसर ठेवली नव्हती. तो गेल्यावर क्लेमेंटीन लोट्यासमोर उभी राहिली. पाणी नितळ होतं. पण पाणी नितळ दिसतं याला अर्थ नसतो, हे तिने गेल्या बत्तीस वर्षांत निदान पन्नास नवशिक्या पोरापोरींना शिकवलं होतं. काळं पडलं तर? लग्न सत्तावीस दिवसांवर. गॉडफ्रेचं तोंड. आळीभर चर्चा.

तिने लोटा कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला आणि बाटलीत फिल्टरचं उकळून गार केलेलं पाणी भरलं.

प्रयोगशाळेत याला कंट्रोल म्हणतात. तपासणी नीट चालते का हे कळावं म्हणून नमुन्यांमध्ये एक बाटली खात्रीने स्वच्छ ठेवायची आणि एक खात्रीने घाण. क्लेमेंटीनने स्वतःला सांगितलं की आठ नमुन्यांत एक कंट्रोल हवाच. बूच लावताना तिला हेही कळत होतं की असली सबब कंपनीत कुणी पुढे केली असती तर तिने त्याला दुसऱ्या खात्यात पाठवलं असतं.

तीन वाजता नऊ जणी जमल्या. चिठ्ठ्या उचलल्या गेल्या, नंबर चिकटले, पाकिटं बिस्किटाच्या डब्यात गेली. नववी, ब्रिटनी नावाची तेवीस वर्षांची मुलगी, त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिने सुवाच्य अक्षरात पाकिटावर मागे सहीसुद्धा केली. डिसेंबरचा गारवा होता आणि बाटल्यांना ऊब हवी होती. गॉडफ्रेने केळी पिकवायची खोली देऊ केली. तिथे घडांना ऊब मिळावी म्हणून सगळं बंदिस्त असतं. "स्पर्धकांची व्यवस्था माझ्याकडे," तो म्हणाला आणि एका फळीवरचे घड त्याने स्वतः हलवले.

मंगळवारी संध्याकाळी क्लेमेंटीनने खोलीचं दार उघडलं. पाच बाटल्या काळ्या होत्या. नुसत्या सावळ्या नव्हे, शाईसारख्या काळ्या. चार नितळ.

तिने फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. आशालताने लिहिलं, "नऊपैकी पाच घरं!!!" जयवंतीने आवाजी संदेश पाठवला, "बाय, हे काय गो? आपन पानी पितो का गटार?" ज्ञानदाने रात्रीतून तक्ता केला: नळाचं पाणी कुणाकडे, टँकर कुणाकडे, बोअरिंग कुणाकडे. ब्रिटनीने रडण्याचा चेहरा टाकला. कुणीही आपला नंबर सांगितला नाही. नियमच तसा होता, आणि या बायका नियम पाळणाऱ्या.

क्लेमेंटीनला एक गोष्ट विचित्र वाटली. पाच बाटल्या इतक्या गडद व्हाव्यात, एवढं वाईट पाणी नऊ घरांत निघू नये. पण जिने स्वतःच्या बाटलीत खोटं पाणी भरलंय तिने दुसऱ्यांच्या बाटल्यांबद्दल शंका कशी काढायची?

गॉडफ्रेने एवढंच विचारलं, "आपली कुठली?"

"पाकीट रविवारी फुटेल."

"नितळ चारांतलीच असणार," तो म्हणाला आणि लिंबं किती लागतील याचा विचार करायला वाडीत गेला.

तातडीची बैठक तिसऱ्या रविवारी ठरली, कारण आशालता थांबायला तयार नव्हती. तिने महानगरपालिकेला द्यायचा अर्ज लिहून आणला होता. बॅनरचा सगळा साठलेला उत्साह त्यात उतरला होता. ओट्यावर उभं राहून तिने तो वाचला. "आम्ही खाली सह्या करणाऱ्या, विज्ञान व तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या महिला, शास्त्रीय पद्धतीने केलेल्या तपासणीअंती कळवू इच्छितो की, शहरातील नऊ घरांच्या पिण्याच्या पाण्यापैकी पाच घरांचे पाणी..."

"पिन्याच्या लायकीचं नाही," जयवंतीने पूर्ण केलं. पण तिचा आवाज जरा दबका होता.

"उद्या सकाळी मी स्वतः नेऊन देते," आशालता म्हणाली. "फक्त खाली तपासनीस म्हणून क्लेमेंटीनची सही हवी. तिच्या सहीवर तर कारखाने थांबतात."

कागद क्लेमेंटीनसमोर आला, वर पेन. ओट्याच्या टोकाला गॉडफ्रे सुतळी सोडवत होता. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. निकालाचा दिवस होता. तिने पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"माझ्या बाटलीत विहिरीचं पाणी नव्हतं. फिल्टरचं होतं, उकळलेलं. म्हटलं, एक कंट्रोल असावा."

गॉडफ्रेच्या हातातली सुतळी थांबली. क्लेमेंटीनने त्याच्याकडे न बघता पुढचं सांगून टाकलं, "कंट्रोलबिंट्रोल काही नाही. मला बघायचं नव्हतं."

तिला वाटलं, आता ही मंडळी चहा न घेता उठतील. मग ज्ञानदाने घसा खाकरला.

"आंटी, मीपण... म्हणजे माझ्याही बाटलीत घरचं पाणी नव्हतं. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या खड्ड्यातलं होतं."

"काय?"

"आम्ही आधी वाईटात वाईट टाकून बघतो. सिस्टिमला ते पकडता येतंय का ते कळायला. आय मीन, टेस्टची टेस्ट नको का करायला?"

जयवंती एकदम हसायला लागली आणि तिला आवरेना. "अगो, माझं धक्क्यावरचं. मासली धुतात तिथलं. म्हटलं हे काळं नाही पडलं तर बायची बाटली खोटी."

"तू माझी परीक्षा घेतलीस?" क्लेमेंटीन म्हणाली.

"मग? तुझंच एकटीचं सगळ्यांनी का म्हनून ऐकायचं?"

उरलेल्या काळ्या बाटल्यांपैकी एक बावखलातून भरलेली निघाली, जिथे शेजाऱ्यांची बदकं डुंबतात. एक गटारातली आणि एक म्हशीच्या हौदातली. प्रत्येकीला वाटलं होतं की फसवाफसवी फक्त आपण केलीय आणि बाकीच्या आठ बाटल्या खऱ्या आहेत. नितळ बाटल्यांपैकी एक दुकानातलं सील फोडून भरलेली होती. आता सगळ्या आशालताकडे बघत होत्या. तिने अर्जाची घडी घातली, मग घडीची घडी घातली.

"इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर," ती म्हणाली. "स्वच्छ बाटली स्वच्छ राहते का, एवढंच बघायचं होतं."

"आणि तू अर्ज लिहिलास?" ज्ञानदा किंचाळली.

"बाकीच्या आठ घरांची काळजी वाटली म्हणून लिहिला ना!"

कोपऱ्यातून ब्रिटनीचा बारीक आवाज आला. "मी आमच्या नळाचंच पाणी आणलं होतं. घरातलं प्यायचं पाणी आणा असं मेसेजमध्ये लिहिलं होतं. आणायचं नव्हतं का?"

नऊ जणींनी मिळून पाण्याची तपासणी केली होती आणि त्यात पाणी फक्त एकीने आणलं होतं. तेही नितळ होतं. जयवंती ओट्याच्या खांबाला धरून हसत होती. क्लेमेंटीनही हसली, पण तिचं लक्ष खांबापलीकडे होतं.

गॉडफ्रे उठून उभा राहिला होता. नवराबायको एरवी घरच्या बोलीत भांडतात. तो शुद्ध मराठीत शिरला की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

"याचा अर्थ," तो म्हणाला, "आमची विहीर स्पर्धेत उतरलीच नव्हती?"

"अहो, स्पर्धा नव्हतीच ती."

"मी पहाटे उठून बादली घासली."

"हो."

"ते पाणी कुठे गेलं?"

"कढीपत्त्याला."

एवढ्या बायकांसमोर तो यापुढे काय बोलेल याची क्लेमेंटीनने तयारी केली होती. तुला आमच्या विहिरीवर विश्वास नाही, असं तो म्हणेल असं तिला वाटलं होतं. पण गॉडफ्रेच्या मनाला तिची शंका लागलीच नव्हती. लिफ्टच्या खड्ड्याला आणि म्हशीच्या हौदाला जागा मिळाली आणि त्याची विहीर बाहेर राहिली, हे त्याला लागलं होतं.

"बाटली दे," तो म्हणाला. "आत्ता. सगळ्यांच्या समोर. आणि नंबर नको. नाव लिहायचं."

नऊ जणी त्याच्या मागून विहिरीवर गेल्या. त्याने पाणी काढलं. क्लेमेंटीनने फक्त सांगितलं की झाकण खाली ठेवू नका, तोंड जमिनीकडे करून डाव्या हातात धरा. त्याने रेघेपर्यंत बाटली भरली, बूच लावलं आणि पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "गॉडफ्रे पास्कू तुस्कानो यांची विहीर, सांडोर". पट्टी बाटलीला एक वेढा घालून परत सुरुवातीशी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता क्लेमेंटीनचा फोन प्रयोगशाळेत वाजला. गॉडफ्रे तिला कामावर कधीही फोन करत नाही.

"झाकण नीट लागलं नसेल," तो म्हणाला.

"मी बघितलं होतं. लागलं होतं."

"केळ्यांचा वायू गेला असेल आत."

"मग आधीच्या चार नितळ बाटल्यांत का नाही गेला? त्याच फळीवर होत्या."

पलीकडे कोंबडा आरवला. "परत भरतो," गॉडफ्रे म्हणाला.

दुसरी बाटली त्याने विहिरीच्या दुसऱ्या बाजूने भरली. तीही काळी झाली. तिसरी त्याने केळ्यांच्या खोलीत ठेवलीच नाही. बैठकीच्या खोलीत नाताळचा गोठा मांडला होता, त्यातल्या दिव्यांच्या उबेला ठेवली. नाताळच्या सकाळी भेटायला आलेल्यांनी गव्हाणीतला बाळ येशू बघितला, मेंढरं बघितली आणि मेंढपाळाच्या शेजारी उभी असलेली काळी बाटली बघितली. "हे कोण?" एकाने विचारलं.

"विहीर," गॉडफ्रे म्हणाला.

त्या दुपारी जेवताना तो घागरीकडे न जाता फिल्टरखाली पेला धरून उभा राहिला. जोआना काही बोलणार होती. क्लेमेंटीनने तिला टेबलाखालून पायाने गप्प केलं.

तीन बाटल्यांनी त्याची खात्री पटली, पण समाधान झालं नाही. आळीत एकट्या आपल्याच विहिरीत दोष असावा हे त्याला मान्य नव्हतं. सव्वीस तारखेला सकाळी तो लोटा घेऊन शेजारी चुलतभावाच्या दारात गेला.

"जॉन, तुझ्या विहिरीचं पाणी दे लोटाभर."

"का? तुझी आटली?"

"माझी नापास झाली. तुझी बघू."

"माझी कशाला? माझं पाणी गोड आहे."

"माझंही गोडच होतं," गॉडफ्रे म्हणाला आणि उभाच राहिला. जॉनने चहा दिला, केक दिला, शेवटी पाणी दिलं.

नवीन वर्षापर्यंत स्वतःची धरून त्याने अकरा विहिरी गाठल्या. बाटल्या क्लेमेंटीनने आणून दिल्या. ज्ञानदाने प्रत्येक बाटलीवर लिहायचं काय ते ठरवून दिलं: कुणाची विहीर, कुठली तारीख, किती वाजता, कुणी भरली. कंट्रोलच्या दोन बाटल्या या वेळी वेगळ्या ठेवल्या आणि त्यांवर ठळक अक्षरांत "कंट्रोल" लिहिलं. धक्क्यावरचं पाणी आणायचा मान जयवंतीने सोडला नाही. घरोघर फिरताना गॉडफ्रेला कुणी नाही म्हणायचं तर तो ओट्यावर बसून राहायचा. शेतकऱ्याला बसून राहायची सवय असते.

अकरांपैकी सात काळ्या झाल्या. गॉडफ्रेने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आळीचा नकाशा काढला. प्रत्येक विहिरीला एक गोल, काळ्या विहिरींचे गोल पेन्सिलने भरलेले. भरलेले सातही गोल इमारतीच्या बाजूला होते. रिकामे चार रस्त्याच्या पलीकडे. त्याने नकाशा क्लेमेंटीनपुढे ठेवला आणि टाकीची जागा फुलीने दाखवली.

"पंचेचाळीस पावलं आहेत," तो म्हणाला. "मी मोजली."

"चाळीस," क्लेमेंटीन म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं, पण कधी मोजलीस असं विचारलं नाही.

आशालताने अर्ज नव्याने लिहिला. या वेळी त्यात उद्गारचिन्हं नव्हती, तक्ता होता आणि मागे नकाशा जोडलेला होता. क्लेमेंटीनने दोनदा वाचला, एका विहिरीची वेळ चुकली होती ती दुरुस्त केली आणि सही केली. अर्ज महानगरपालिकेत गेला. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. दरम्यान जॉनने आपल्या सातवीतल्या मुलीला बाटली भरायला शिकवलंय आणि ती सगळ्या वर्गाला घेऊन शाळेची टाकी तपासायला निघाली आहे.

राहिलं सरबत. त्याबद्दल घरात कुणी विषय काढला नाही. गॉडफ्रेने एका संध्याकाळी वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ घराकडे करून फोन लावला. चाळीस जार, बुधवारी. समोरचा म्हणाला असावा की लग्न शनिवारी आहे तर शुक्रवारी आणतो. "बुधवारी," गॉडफ्रे पुन्हा म्हणाला.

बुधवारी सकाळी जारचा टेंपो वाडीच्या फाटकात उभा राहिला. मांडवाचे खांब लागले होते. ड्रायव्हरने मागची फळी पाडली आणि पहिला जार खांद्यावर घेतला.

"थांब," गॉडफ्रे म्हणाला. त्याच्या खिशात पेन होतं, हातात छोटी काचेची बाटली. "तो नको. आतला दे. सगळ्यात आतला, खालचा."

"काका, सगळे सारखेच आहेत. सीलबंद आहेत."

"असतील. आतला दे."

ड्रायव्हरने टेंपोत चढून बारा जार सरकवले, तेरावा ओढून आणला आणि सील फोडलं. गॉडफ्रेने आधी थोडं पाणी जमिनीवर सोडलं, मग बाटली तिरकी धरली.

"याचं काय करायचं?" ड्रायव्हरने विचारलं.

"दोन दिवस बघायचं."

"आणि मी?"

"गाडी सावलीत लाव. चहा पी. शुक्रवारी दुपारी उतरव."

ड्रायव्हरने मदतीसाठी ओट्यावर उभ्या असलेल्या क्लेमेंटीनकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. झाकण दोन बोटांत होतं, तोंड जमिनीकडे, काठाला बोट न लागता. त्याने रेघेपर्यंत पाणी भरलं, झाकण लावलं, पट्टीवर तारीख लिहिली, मग घड्याळ बघून वेळ लिहिली.

दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. क्लेमेंटीन आत गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं, ड्रायव्हरसाठी एक कप वाढवून.